निकाली आणि नुरा

आमच्या सीमाभागातील मराठीत शब्दांची सरमिसळ फार. घरात मराठी, बाजारात कानडी आणि तालमीत दखनी, असा चिटगुप्प्याचा जुना रिवाज असल्यामुळे कोणता शब्द कोणत्या दाराने आत आला हे सांगणे कठीण. ‘नुरा’ हा त्यांपैकीच एक. मल्लांनी आपसांत किंवा फड भरविणाऱ्यांनी परस्पर ठरवून लढविलेली, निकाल आधीच हाती असलेली कुस्ती ती नुरा. आणि एकाची पाठ मातीला लागेपर्यंत सुटत नाही ती निकाली. वर्तमानपत्रांनी पुढे हा शब्द राजकारणासाठी इतका वापरला की त्याचा मूळचा डंख आता कोणाला जाणवत नसावा. आमच्या घरात मात्र तो कित्येक वर्षे कोणी उच्चारला नाही. कारण आमचे धाकटे काका.

काका गावच्या तालमीतले. बिदरचे पठार जांभ्या दगडाचे. त्याची तांबडी माती चाळावयाची, तीत तेल, ताक, हळद, लिंबू आणि कापूर मिसळावयाचा, असा आमचा हौदा तयार होई. पहिल्या पावसानंतर तो उकरला की त्याचा वास वेशीपर्यंत येत असे. वस्ताद मुसलमान होते. शिष्यांत मराठे, लिंगायत, धनगर, सर्वच जातींची पोरे. हौद्यात उतरताना प्रत्येक जण मातीला हात लावून तो कपाळाशी नेई. “मिट्टी कू झूट नक्को,” हे वस्तादांचे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की आजही ते त्यांच्याच घोगऱ्या आवाजात कानी येते. मातीशी खोटे बोलू नये. हौद्याबाहेर, विशेषतः म्हशीच्या बाजारात, वस्ताद स्वतः पुष्कळच खोटे बोलत. पण ते असो.

१९४९ साली निजामी मुलखातल्या जहागिरी गेल्या आणि पैलवानांना खुराक पुरविणारे हात आखडले. पुढे १९५६ च्या १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्याच्या तीन वाटण्या झाल्या. आमचा बिदर जिल्हाही फुटला. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि आम्ही म्हैसूर राज्यात आलो. त्याचा परिणाम शाळांवर आणि कचेऱ्यांवर काय झाला हे या पत्रिकेच्या वाचकांना निराळे सांगावयास नको. फडांवर काय झाला हे मात्र फारसे कोणी लिहिलेले नाही. आमच्या जत्रेला येणारे निलंग्याकडचे मल्ल एका रात्रीत परराज्यातले ठरले. ते येत राहिले, हलगी वाजत राहिली, पण इनामाची रक्कम वर्षागणिक उतरत गेली. कोल्हापूरला शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचे मैदान उभे करून कुस्तीला हक्काचे घर दिले होते. आमच्या नशिबी तसा राजा नव्हता. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले तेव्हा आम्ही चिटगुप्प्यात पेढे वाटले, ही गोष्ट वेगळी.

तर काका १९५८ च्या सुमारास हैदराबादेस गेले. एका लाकडाच्या वखारीत हमालीचे काम मिळाले असे घरी कळले. दर महिन्याला मनिऑर्डर येऊ लागली. आजोबा ओट्यावर बसून अंगठ्याला शाई लावून घेत आणि पोस्टमनला चहा पाजीत. पुढे मनिऑर्डरीचा आकडा वाढला. वखारीत हमालाला एवढे कसे मिळतात, असा प्रश्न तेव्हा घरात कोणाला पडल्याचे आम्हाला आठवत नाही.

हे दारासिंगाचे दिवस होते. १९५९ साली कलकत्त्यात जॉर्ज गोर्डिएन्कोला हरवून तो राष्ट्रकुल विजेता झाला होता आणि १९६२ साली ‘किंग काँग’ या चित्रपटाचा नायक म्हणून पडद्यावर उभा होता. मोठमोठ्या शहरांत ‘फ्रीस्टाइल’ कुस्त्यांचे तिकीट लावून खेळ होत. विजेच्या दिव्यांखाली दोरखंडांचा चौक, त्यात गादी, आणि भोंग्यावरून पुकारलेली देशोदेशीच्या वाघ-सिंहांची नावे. आम्ही तेव्हा अकरा वर्षांचे होतो. हैदराबादेहून आलेल्या एका व्यापाऱ्याने सामान गुंडाळून आणलेल्या कागदांत आम्हाला अशाच एका खेळाचे हँडबिल सापडले. मजकूर उर्दू, आम्ही कानडी शाळेत शिकत असल्याने आम्हाला तो वाचता येईना. पण छायाचित्र वाचावयास अक्षर कशाला हवे? डोक्याला पंजाबी फेटा बांधून, छाती काढून उभे होते ते आमचे काका.

आनंदाने आमचे पाय जमिनीवर ठरेनात. आम्ही तडक तालमीकडे धावलो. आजोबा तेथे रोज संध्याकाळी बसत. सगळ्यांच्या देखत आम्ही तो कागद त्यांच्या हाती दिला आणि ओरडलो, “काकांचा फोटो छापून आलाय!” आजोबा निजामी आमदनीत शिकलेले, उर्दू त्यांना मराठीपेक्षा सफाईने वाचता येई. त्यांनी वाचले, पुन्हा वाचले, आणि कागद वस्तादांकडे दिला. काकांच्या चित्राखाली काकांचे नाव नव्हते. गावाचेही नव्हते. अमृतसरच्या कोणा शेराचे होते.

त्या वर्षी नागपंचमीला काका गावी आले. नागपंचमी म्हणजे तालमीचा सण. काकांनी लंगोट कसला, मातीला हात लावावयास वाकले, आणि वस्ताद हौद्याच्या कडेवरून म्हणाले, “ठैर.” मग त्यांनी एकच प्रश्न विचारला: “सच्ची थी क्या?” काका वाकलेले होते ते उभे राहिले. “नहीं, वस्ताद,” ते म्हणाले. वस्तादांनी मान हलविली आणि हाताने बाहेरची वाट दाखविली. एवढेच घडले. कोणी आवाज चढविला नाही. आजोबा भिंतीला टेकून बसले होते. तेही काही बोलले नाहीत. आम्ही दाराशी नैवेद्याची लाहीफुटाण्यांची टोपली घेऊन उभे होतो.

त्यानंतर काका तीस वर्षांहून अधिक काळ त्या मातीत उतरले नाहीत. मनिऑर्डर मात्र येत राहिली, आणि आम्ही घरच्यांनी ती घेत राहिलो. हे लिहिताना आजही लेखणी अडखळते.

आता या लेखाचे निमित्त. गेल्या पावसाळ्यात आम्ही हैदराबादेस मुलीकडे राहावयास गेलो होतो. एका संध्याकाळी नातवाने आपला लॅपटॉप आमच्यापुढे आणून ठेवला आणि म्हणाला, “आजोबा, तुम्ही तालमीच्या गोष्टी सांगता ना, मग हा बघा. यात कुस्ती आहे.” चित्रपट होता ‘नाइट अँड द सिटी’. ज्यूल्स डॅसिन या अमेरिकन दिग्दर्शकाने लंडनमध्ये चित्रित केलेला, १९५० सालचा. विलायती कुस्तीचे आम्हाला काय कौतुक, अशा भावनेने आम्ही चष्मा पुसून बसलो.

अशा चित्रपटांना ‘फिल्म न्वार’ म्हणतात. नाव फ्रेंच, ते १९४६ साली पॅरिसच्या समीक्षकांनी दिले. चित्रपट बहुतेक अमेरिकेचे. रात्र, ओले रस्ते, लांब सावल्या, आणि स्वतःच्या हुशारीवर फाजील विश्वास असलेला एखादा माणूस, जो पहिल्याच दृश्यात हरलेला असतो आणि ते त्याला सोडून सर्वांना ठाऊक असते. गुरुदत्तचा ‘बाजी’ (१९५१) किंवा राज खोसलांचा ‘सी.आय.डी.’ (१९५६) ज्यांनी पाहिला असेल त्यांना हा काळोख अगदीच परका वाटणार नाही. त्या विलायती चित्रपटांत मुष्टियोद्धे पुष्कळ भेटतात. १९४९ च्या ‘द सेट-अप’मध्ये तर मुष्टियोद्ध्याच्या पराभवाचा सौदा त्याला न सांगताच झालेला असतो. मल्ल मात्र तेथे बहुधा दाराशी उभा असलेला धिप्पाड गुंड. माइक माझुर्की हा खराखुरा व्यावसायिक मल्ल अशा भूमिकांत प्रसिद्ध झाला. १९४४ च्या ‘मर्डर, माय स्वीट’मधला त्याचा मूस मलॉय पाहावा: हरवलेल्या प्रेयसीला शोधणारा, रेड्यासारखा दांडगा आणि तितकाच भाबडा. हा माझुर्की महाविद्यालयात शिकलेला गृहस्थ होता, हे त्याच्याकडे पाहून कोणी ओळखले नसते. आपल्या चित्रपटांनीही पैलवानाला एक तर देव केले, नाही तर खलनायकाचा हरकाम्या. थकलेला, म्हातारा, आपल्या विद्येविषयी हट्टी असा मल्ल आम्हाला पडद्यावर प्रथमच भेटला तो या चित्रपटात.

कथा थोडक्यात अशी. हॅरी फॅबियन (हे काम रिचर्ड विडमार्कने केले आहे) हा लंडनमधला एक फुटकळ भामटा. लंडनच्या कुस्तीचा सगळा धंदा क्रिस्टो नावाच्या माणसाच्या मुठीत आहे, आणि तो धंदा तिकीट लावून केलेल्या तमाशाचा आहे. क्रिस्टोचा बाप ग्रेगोरियस हा जुन्या ग्रीको-रोमन कुस्तीचा नामांकित मल्ल. मुलाने कुस्तीचे जे करून ठेवले आहे ते पाहून बाप भर फडात त्याच्याशी भांडतो. फॅबियन हे ऐकतो आणि म्हाताऱ्याला हेरतो: आपण शुद्ध कुस्तीचे फड भरवू, तुमचा शिष्य लढेल, तुमचे नाव होईल. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी येते. फॅबियनला शुद्ध कुस्तीशी काही देणेघेणे नाही. बाप आपल्या बाजूला असला की मुलगा आपल्याला हात लावणार नाही, एवढा त्याचा हिशेब.

पण पैशासाठी त्याला ‘स्ट्रँगलर’ नावाच्या खेळातल्या मल्लाशी लढत ठरवावी लागते, आणि हा स्ट्रँगलर म्हणजे माझुर्की. एका रात्री तो दारू पिऊन तालमीत शिरतो आणि म्हाताऱ्याला डिवचतो. शिष्याचे मनगट मोडते. मग ग्रेगोरियस स्वतः दोरांच्या चौकात उतरतो. प्रेक्षक नाहीत, पंच नाही, तिकीट नाही. ही कुस्ती पुष्कळ वेळ चालते आणि तिच्यात डोळ्यांना सुखावणारा एकही डाव नाही. दोन अवजड देह एकमेकांना चिकटलेले, बोटे डोळ्यांकडे जाताहेत, कोपर मानेवर, घाम, आणि श्वास. आम्हाला त्या प्रसंगातले काही आठवत असेल तर ते श्वास. शेवटी म्हातारा दोन्ही बाहूंच्या कवेत त्या दांडग्याला आवळतो आणि चिरडून सोडतो. जिंकतो. आणि आतल्या खोलीत जाऊन मुलाच्या मिठीत मरतो. पुढे क्रिस्टो फॅबियनच्या डोक्यावर हजार पौंडांचे इनाम लावतो, सारे शहर त्याच्या मागे लागते आणि पहाटे थेम्सच्या काठी स्ट्रँगलर त्याचा गळा दाबतो. पण आमच्यापुरता चित्रपट तालमीतच संपला होता.

नातवाने विचारले, “आजोबा, ही कुस्ती खरी आहे का?”

आम्ही म्हणालो, “हे दोघेही पैलवान आहेत. बाहेरचा माणूस असा श्वास घेत नाही.” मग त्याने शोधून पाहिले आणि म्हाताऱ्याचे नाव वाचले: स्टॅनिस्लॉस झ्बिश्को. आम्ही खुर्चीवरून उठलोच.

वाचकहो, हे नाव आमच्या तालमीच्या भिंतीवर होते! गामाच्या तसबिरीखाली वस्तादांनी कोळशाने लिहवून घेतले होते. वस्तादांच्या तोंडी ते ‘जिबिस्को’ असे यावयाचे. गामाने जिबिस्कोला पतियाळ्यात एका मिनिटाच्या आत कसे अस्मान दाखविले, ही कथा सांगितल्याशिवाय वस्तादांची नागपंचमी पार पडत नसे. तो पराभूत गोरा आमच्या लेखी कंसासारखा, शिशुपालासारखा, मरण्यासाठीच जन्मलेला. त्याला चेहरा असेल, म्हातारपण असेल, तो एखाद्या चित्रपटात हुंदका दाबत बोलेल, असे आमच्या मनात कधी आले नव्हते.

झ्बिश्को पोलंडचा. खरे आडनाव त्सिगानिएविच. १९१० साली गामा लंडनला गेला तेव्हा उंची कमी म्हणून त्याला स्पर्धेत घेईनात. त्याने उघड आव्हान दिले, डॉ. बेंजामिन रोलर या अमेरिकन मल्लाला हरविले, आणि मग १० सप्टेंबर १९१० रोजी ‘जॉन बुल’ पट्ट्यासाठी त्याची झ्बिश्कोशी गाठ पडली. कुस्ती अडीच तासांहून अधिक चालली. चालली म्हणजे झ्बिश्को पोटावर पालथा पडून राहिला आणि गामा त्याला उलटविण्याची खटपट करीत राहिला. कुस्ती सुटली नाही. आठवड्याने पुन्हा लढावयाचे ठरले. त्या दिवशी झ्बिश्को आलाच नाही आणि पट्टा गामाला मिळाला. पुढे जानेवारी १९२८ मध्ये, पतियाळ्याच्या महाराजांच्या पुढाकाराने भरलेल्या फडात, दोघे पुन्हा समोरासमोर आले. तेथे मात्र मिनिटभराच्या आतच निकाल लागला. वस्ताद सांगत ते अक्षरशः खरे होते. फक्त झ्बिश्को तेव्हा पन्नाशीला टेकला होता आणि मातीत लढत होता, हे ते सांगत नसत. गामाही काही तरुण नव्हता, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. आणि गादीवरून मातीत जाणे जितके कठीण तितकेच मातीवरून गादीवर. आपल्या खाशाबा जाधवांना १९४८ साली लंडनला गादीवर सहाव्या क्रमांकावर समाधान मानावे लागले आणि चार वर्षांनी हेलसिंकीला कांस्यपदक मिळाले, त्या चार वर्षांत हा पालट होता.

पण आमची झोप उडविली ती याने नव्हे. नातू आणखी वाचीत गेला आणि १९२५ सालाशी आला.

त्या काळी अमेरिकेतल्या व्यावसायिक कुस्तीचा धंदा पुरता ठरवून चाले. झ्बिश्को स्वतः त्यात मुरलेला. १९२१ साली त्याने जागतिक अजिंक्यपद मिळविले होते ते एड ‘स्ट्रँगलर’ लुइस याच्याकडून, आणि पुढच्याच वर्षी ते त्याच्याकडेच परत गेले होते. (चित्रपटातल्या प्रतिस्पर्ध्याचेही टोपणनाव स्ट्रँगलरच असावे, हा योग पाहून आम्ही थोडे हसलो.) १९२५ साली फड भरविणाऱ्यांनी वेन मन नावाच्या एका फुटबॉलपटूला विजेता बनविले. देह प्रचंड, कुस्तीची विद्या जवळजवळ शून्य. १५ एप्रिल १९२५ रोजी फिलाडेल्फियात झ्बिश्कोने त्याच्याकडून हरावयाचे, असे ठरलेले होते. झ्बिश्को चौकात उतरला आणि खरा लढला. बिचाऱ्या मनला त्याने पुनःपुन्हा गादीला लावले. पंचाला दुसरा निकाल देता येईना. म्हणजे मातीचा विजय झाला, असे वस्ताद म्हणाले असते. पण थांबावे. झ्बिश्कोने हा खरेपणा दुसऱ्या एका टोळीशी संधान बांधून केला होता, आणि दीड महिन्यातच, ३० मे रोजी, त्याने ते अजिंक्यपद सेंट लुइसमध्ये जो स्टेकरच्या हवाली केले. तेही आधी ठरलेलेच होते, असे त्या धंद्याचे इतिहासकार मानतात.

आता या माणसाला काय म्हणावे? त्याची १९२५ ची कुस्ती निकाली होती, पण ती दगा म्हणून केलेली. १९२८ ची निकाली होती, आणि तीत तो हरला. आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर त्याने पडद्यावर जी कुस्ती केली तिचा निकाल पटकथेच्या कागदावर टंकलिखित होता. वस्तादांच्या व्याख्येने ती निखळ नुरा. तरीही आम्ही आयुष्यात पाहिलेल्या कुस्त्यांत तिच्याइतकी खरी वाटलेली दुसरी आम्हाला सांगता येत नाही. ग्रेगोरियस मुलाला जे सुनावतो ते झ्बिश्कोने कधी कोणाला सुनावले असेल का? की तेच वाक्य त्याला कोणीतरी, एखाद्या जुन्या वस्तादाने, सुनावले होते?

रोलाँ बार्थ या फ्रेंच लेखकाच्या १९५७ सालच्या ‘मिथॉलॉजीज’ या पुस्तकात पहिलाच निबंध अशा खेळातल्या कुस्तीवर आहे. तो म्हणतो की हा क्रीडाप्रकार नव्हेच, हे नाट्य आहे. लढत ठरविलेली आहे की नाही याची प्रेक्षकाला फिकीर नसते, त्याला दुःख, पराभव आणि न्याय डोळ्यांनी दिसावयास हवा असतो. आम्हा सीमेवरच्या लोकांना हे समजावयास पॅरिसला जाण्याची गरज नाही. आपल्या गावांत रात्र रात्र बयलाट चालतो. भीमाने दुःशासनाला पाडल्यावर कोणी विचारीत नाही की ही निकाली की नुरा. बायका पदर डोळ्यांना लावतात आणि पहाटे दुःशासनालाही चहा देतात. बार्थचे म्हणणे मनोहर आहे. पण त्याने ते खुर्चीत बसून लिहिले. जो पडतो त्याच्या बरगड्यांविषयी त्याला फारसे सांगावयाचे नाही.

त्याविषयी आम्हाला काकांनी सांगितले होते. १९७० च्या आसपासची गोष्ट. आम्ही गुलबर्ग्याहून सुट्टीत आलो होतो. उन्हाळ्याची रात्र, ओट्यावर आम्ही दोघेच. काका तोवर कायमचे गावी परतले होते. खांदा उतरला होता, पानाचे छोटे दुकान टाकले होते. आम्ही धीर करून विचारले, “काका, तिथं नेमकं काय करत होता?”

काका बराच वेळ सुपारी कातरीत राहिले. मग म्हणाले, “पडत हुतो.” आणि थोड्या वेळाने, “सोपं वाटतंय व्हय तुला पडणं? खाली गादी म्हनायची, आत फळ्या. समोरचा दीडशे किलोचा. त्यानं उचलायचं, आपून उचलू द्यायचं. हनुवटी छातीला लावून, हात पसरून पडायचं. न्हाई तर मान गेली. पडायला शिकायला तीन महिने लागले मला. वस्तादानं पाडायला शिकविलं हुतं, पडायला न्हाई.”

मग त्यांनी एका रात्रीविषयी सांगितले. समोरचा मल्ल पिऊन आला होता आणि ठरल्यापेक्षा जास्त मारू लागला. एक ठोसा कानावर बसला. काकांना एकदम चिटगुप्प्याच्या हौद्याचा वास आला, असे ते म्हणाले. त्यांनी ढाक लावली. तो दीडशे किलोचा देह पाठीवर गेला आणि काकांनी त्याला तेथेच दाबून धरले. सगळे मिळून अर्धे मिनिटही झाले नसेल. लोकांनी टाळ्या वाजविल्या नाहीत. खेळ लवकर संपला म्हणून त्यांनी आरडाओरड केली, खुर्च्या फेकल्या. ठेकेदाराने त्या रात्रीचे पैसे कापले आणि पुढचे चार खेळ काकांना बसवून ठेवले. त्या महिन्याची मनिऑर्डर आली नव्हती. आम्हाला ती आठवते, कारण त्या महिन्यात आजोबा पोस्टमनवर चिडले होते.

“मग हे वस्तादांना का सांगितलं नाही?” आम्ही जवळजवळ ओरडलोच. “एक तरी निकाली केली होती!”

“त्यांनी ते विचारलंच न्हाई,” काका म्हणाले. “त्यांनी विचारलं, सच्ची हुती का. ज्या कागदावर फोटू हुता ती सच्ची न्हवती.”

तो कागद आम्ही नेऊन दिला होता, हे काकांना ठाऊक होते काय? त्यांनी कधी दाखविले नाही, आणि आम्हीही कधी विचारले नाही. त्या रात्री विचारावयास हवे होते. जीभ टाळूला चिकटली होती. काका पानाला चुना लावून आत झोपावयास गेले.

चित्रपट पाहिला त्या रात्री नातू झोपल्यावर आम्ही तो प्रसंग पुन्हा लावून पाहिला. या वेळी आमचे लक्ष झ्बिश्कोवर नव्हते, माझुर्कीवर होते. हरावयाचे काम त्याच्याकडे होते. त्याचा देह त्या वृद्धाच्या कवेत कसा हळूहळू सैल होत जातो, गुडघे कसे ढिले पडतात, आणि इतके करूनही एका म्हाताऱ्याच्या अंगावर आपला भार येऊ नये म्हणून तो कसा सांभाळून कोसळतो. पहिल्यांदा पाहताना आम्हाला त्यात फक्त दुष्टाचा पराभव दिसला होता. या माझुर्कीने पुढे १९६५ साली निवृत्त मल्ल आणि मुष्टियोद्ध्यांसाठी एक मंडळ काढले. चुरगळलेल्या कानांवरून त्याचे नाव ठेवले आहे. मल्लाचा कान असा फुलकोबीसारखा होतो तो निकाली कुस्तीतही आणि नुरा कुस्तीतही. कानाला फरक कळत नाही. काकांचा डावा कान तसा होता.

१९९० नंतरची एक जत्रा आठवते. वस्ताद जाऊन बरीच वर्षे झाली होती. दुपारी रेवड्यांवरच्या कुस्त्या सुरू होत्या. आठ-दहा वर्षांची पोरे, ढिले लंगोट, हलगीवाला नुसताच हात चालवीत होता. काका गर्दीत मागे उभे होते, जसे ते दर वर्षी उभे राहत. एका पोराला दुसऱ्याने कमरेत उचलून टाकले आणि ते डोक्यावर पडले. मोठे काही झाले नाही. पण पोर घाबरून रडू लागले. फड थांबला. आणि आम्ही पाहिले की काका गर्दीतून वाट काढीत हौद्याच्या कडेपर्यंत गेले आहेत. तेथे ते क्षणभर थांबले. कोणी त्यांना “ठैर” म्हणाले नाही. म्हणणारे कोणी उरलेच नव्हते. त्यांनी चपला काढल्या, वाकून मातीला हात लावला, आणि आत उतरले.

पोराची हनुवटी धरून त्यांनी ती त्याच्या छातीला टेकविली. त्याचे दोन्ही हात पसरविले. मग साठी उलटलेल्या त्या माणसाने धोतर खोचले आणि स्वतः पाठीवर पडून दाखविले. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. लोक हसले. काहींनी टाळ्या वाजविल्या. पोराने पाहिले आणि तसेच पडून दाखविले. हलगी पुन्हा सुरू झाली.

संध्याकाळी आम्ही बरोबरच घरी आलो. काकूने पाय धुवावयास पाण्याचा तांब्या आणून ठेवला. काकांनी तो उचलून बाजूला सारला, आणि तांबड्या पायांनीच ओट्यावर बसून राहिले.